मधला पोर्ट

"त्याला म्हणावं, आधी पोर्ट नंबर विचार," धाकटा आईला म्हणाला.

"त्याला म्हणावं, गपगुमान सांग," थोरल्यानं भिंतीकडं बघत उत्तर दिलं.

हौसाक्कांच्या मसाल्याची वेबसाइट थोरल्याच्या वेब सर्व्हरवर होती आणि ऑर्डर घेणारं जावा ॲप्लिकेशन धाकट्याच्या सर्व्हरवर. भांडण झाल्यावर धाकट्यानं दोन्ही जोडणारा पोर्ट बदलून टाकला आणि नवा नंबर थोरल्याला सांगितलाच नाही. ऐन मोसमात गिऱ्हाइकं मसाले बघून रिकाम्या हातानं परत जात होती.

हौसाक्कांना पोर्ट कळत नव्हता, पण आपली पोरं पुरती कळत होती. "तुमच्याऐवजी दोन वरवंटे जन्माला आले असते, तर मसाला तरी वाटला असता," त्या कडाडल्या. "आजपासून दोन्ही सर्व्हर तुमच्या आत्याच्या पोराकडं. तुम्ही मिरच्यांचे देठ खुडा."

"त्या चोराच्या हातात?" दोघं एकदम ओरडले. थोरला तावातावानं धाकट्याकडं वळला, "सांग रे पोर्ट!" धाकट्यानं सांगितला. घटकाभरात ऑर्डरी येऊ लागल्या.

आता भाऊ एका ताटात जेवतात. त्या चोराचं नाव काढलं म्हणून आईशी मात्र दोघांपैकी कुणी बोलत नाही, आणि हौसाक्काही आपणहून बोलायला जात नाहीत.