परातीतलं आभाळ

महायुद्धातली दोन जुनी विमानं सोलापूरच्या माळावर कसरती दाखवत होती. एकात दुर्गाचा भाऊ कमलाकर हौसेनं बसला होता.

शेजारच्या दगडाबाईंनी ग्रहण पाहताना ठेवतात तशी हळदीच्या पाण्याची परात आणली होती. "उन्हात डोळं कशाला फोडतीस, पोरी? हितं बघ की."

दुर्गा वाकली. पाण्यात दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली आणि जळत खाली आली.

तिनं दचकून वर पाहिलं. विमानं एकमेकांपासून दूर होती. कमलाकर रुमाल हलवत होता.

परातीत मात्र नुसतं आभाळ उरलं होतं.

"दादाला उतरवा!" ती ओरडली. बँडच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही.

विमानं वळून समोरासमोर आली.

दगडाबाईंनी तिच्या डोळ्यांवर पदर धरला. "आता वर बघू नगंस, बाई."