डावी बाजू

"ताई, त्या बाईचं तोंड दुरुस्त करा," इंजिनियर म्हणाला. "सोमवारी खेळ प्रदर्शनात जायचाय आणि लोक आतापासूनच हसतायत."

आवाज कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून येत होता. त्याचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता आणि तिचा त्याने. वर्षभर दोघं सुट्टीच्या दिवशी मिळून हा छोटा खेळ बनवत होते. पैशासाठी नाही, निव्वळ हौस. तो पंपांच्या कारखान्यात नोकरीला, खेळाचा प्रोग्राम लिहायचा. ती चष्म्याच्या दुकानात कामाला, खेळातली माणसं आणि वस्तू घडवायची. दोघं बोलायचे खूप, भांडायचेही, पण कॅमेरा तिने पहिल्या दिवसापासून बंद ठेवला होता. विचारलं की बिघडलाय म्हणायची.

खेळ साधा होता. स्टेशनावरची हरवलेल्या वस्तूंची खिडकी, खिडकीत एक बाई. कुणाची छत्री, कुणाची टोपी, कुणाची कवळी ढिगातून शोधून तिच्या हातात द्यायची. वस्तू बरोबर निघाली की बाई हसते. बक्षीस काय ते एवढंच. आणि घोळ नेमका तिथेच झाला होता. ज्यांना ज्यांना खेळून बघायला दिलं, त्या सगळ्यांची तक्रार एकच: बाई उजवीकडूनच हसते, ओठाचा डावा कोपरा ढिम्म हलत नाही. एकाने तर विचारलं होतं, बाई अर्धीच हसली, म्हणजे मी अर्धाच जिंकलो का?

इंजिनियरचं म्हणणं सोपं होतं. उजवी बाजू झकास जमली आहे, मग आरशाचं बटण दाबा, तीच डावीकडे उमटेल. सगळे हौशी लोक चेहरे असेच करतात. अर्धा घडवायचा, उरलेला फुकट.

हे त्याने तिला शिकवावं म्हणजे कमालच होती. तिनेही सुरुवात तशीच केली होती. उजवी बाजू स्वतःवरूनच घडवली, कारण घरात आईशिवाय कोणी नव्हतं आणि आई काही एका जागी बसणारी नव्हती. मग बटण दाबलं आणि पडद्यावर एक मुलगी येऊन बसली, जिला तिने कॉलेजनंतर पाहिलंच नव्हतं. तापात चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, त्याच्या आधीची ती. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, ती हातातला टॉवेल घेऊन तशीच उठून आली. "राहू दे गं अशीच," आई म्हणाली. "किती छान दिसतेस." आईच्या मनात वाईट काही नव्हतं. घरातल्या प्रत्येक फोटोत लेकीला कडेला, तिरकं उभं करायची तीही याच आईने, आणि तेही मायेनेच.

तिला राग आला. आईचा नाही, त्या बटणाचा. दुकानात ती दिवसभर लोकांच्या चष्म्यांच्या काड्या वाकवत बसायची, कारण कुणाचा एक कान वर, कुणाचा खाली. दोन्ही बाजू सारख्या असलेलं गिऱ्हाईक तिला अजून भेटायचं होतं. आणि घरी येऊन आपणच वडाची साल पिंपळाला लावायची? तिने तो आरसा काढून टाकला आणि हातात खरा आरसा घेतला. ओघळलेला गाल, खाली उतरलेला ओठाचा कोपरा, सगळं कण कण ओढून बसवलं. डोळ्यापाशी आल्यावर मात्र तिला आरशात बघवेना. तेवढं तिने अंदाजाने उरकलं.

"मी ते मुद्दाम केलंय," ती आता इंजिनियरला म्हणाली.

असं मुद्दाम कोण करतं, असं त्याने विचारलं. आपलं तेच खरं म्हणणारी माणसं कारखान्यात काय कमी आहेत, म्हणून सुट्टीतही तीच नशिबाला यावीत, असंही तो बोलून गेला. वर्षभराच्या मेहनतीवर एका हसण्यापायी पाणी पडू द्यायला तो तयार नव्हता. "तुम्हाला नसेल करायचं तर मी लावतो आरसा. फाइल माझ्याकडे आहेच. दोन मिनिटांचं काम."

तिचा हात माऊसवर थांबला. दोन मिनिटांत खिडकीतली बाई दुसरीच कोणीतरी होणार होती. मग ती चार लोकांत जाणार, गोड हसणार आणि सगळे म्हणणार, आता कशी छान झाली. हे तिला सहन होणार नव्हतं.

आईने स्पीकरमधलं सगळं ऐकलं होतं. मुलीचा हात कुठे निघालाय तेही तिने ओळखलं. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं ती पुटपुटली. मग सवयीने म्हणाली, "निदान जरा तिरकी तरी बस."

ती सरळ बसली. कॅमेरा सुरू केला आणि जेवढं हसता येत होतं तेवढं हसली.

पलीकडे इंजिनियरही दिसू लागला. गोल चेहऱ्याचा, पन्नाशीचा माणूस. नाकावरचा चष्मा एका बाजूला कललेला. दुकानात आला असता तर तिने काडी वाकवून दिली असती.

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "राहू द्या. आहे तसंच राहू द्या."

आईचं राहू दे, आता याचं राहू द्या. तिने खिडकीतल्या बाईला पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याशेजारी आणून ठेवलं. दोघी पहिल्यांदाच अशा शेजारी बसल्या होत्या. या वेळी तिने नजर वळवली नाही. ती पुन्हा हसली, बाईलाही हसवलं आणि दोघींकडे नीट बघून घेतलं.

"नाही, लोकांचं बरोबर आहे. चूक आहे त्यात," ती म्हणाली. "हसताना तिचा डावा डोळा थोडा बारीक होतो. माझा होत नाही. तेवढं दुरुस्त करते, मग पाठवा."