लोरेची पाटी

"डोळे मीट आणि बाहेर ये," सासरे ओमेर ग्रीतला म्हणाले.

डोळे मिटून अंगणात जाणाऱ्यातली ती नव्हती. तिने आधी फरशी धुण्याच्या मशीनची वायर पाहिली, पाण्यात पडलेली नव्हती. मग सासऱ्यांचे पाय. गमबूट होते. डोळ्यांवर चष्माही होता. चार वर्षांच्या स्टानला तिने स्वयंपाकघरात बसवून दाराला कडी घातली.

प्रेशर वॉशर घेताना तिने दुकानातच सांगून पाहिलं होतं, "बाबा, घरच्या फरशीला छोटं मशीन पुरे." "पेन्शन माझी, शेवाळं माझं," म्हणत ओमेरनी सगळ्यात मोठं उचललं. मग तिने सूचनांचा कागद गॅरेजच्या दारावर चिकटवला. पाण्याच्या धारेचं पिस्तूल माणसाकडे रोखायचं नाही. चपला घालून धुवायचं नाही. धार कातडीत घुसली, तर टाचणीएवढं भोक दिसलं तरी तडक दवाखाना. "हिला पोलिसात घ्या कुणी तरी," ओमेर हसले होते. पण पाळलं सगळं.

"हं, आता बघ!"

फरशीवर एक लहानशी दगडी पाटी उभी होती. पांढरीशुभ्र. दफनभूमीतून स्क्रू काढून, हातगाडीत घालून त्यांनी ती घरी आणली होती. उद्या संतांचा दिवस. अख्खं गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींशी जाणार, आणि जाता जाता दुसऱ्यांच्या कितपत घासल्यात तेही बघणार.

"ब्रशने सकाळ गेली असती. इथे दोन मिनिटं! कशी दातासारखी निघाली ना तुझ्या छोटीची पाटी?"

ग्रीत वाकली. पाटीवर काहीच नव्हतं. सकाळपर्यंत 'लोरे' एवढंच होतं तिथे, आणि खाली दोन तारखा, मध्ये अकरा दिवस. मऊ चुनखडीवर वरवर कोरून सोनेरी रंग भरलेला.

"बाबा, नोझल कुठलं लावलंत?"

ओमेरनी हातातल्या पिस्तुलाकडे पाहिलं. सकाळी फरशी खरवडायला लावलेलं, गरगर फिरणारं, तेच होतं. बदललंच नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाटीवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला ओलं पीठ लागलं.

"मी सगळं पाळलं गं," ते म्हणाले. "तुझ्या कागदावर दगडाचं काही नव्हतं."

"नव्हतं."

बोटं, पाय, डोळे, स्टान, शेजाऱ्यांचं मांजर, खिडकीच्या काचा. इजा होईल असं जे जे सुचलं, ते तिने लिहिलं होतं.

ओमेर पालथ्या बादलीवर बसले. "आता संध्याकाळपर्यंत कोण कोरून देणार? ती मार्टा तर एकेक कबर थांबून वाचत जाते. विचारेल, ही कुणाची म्हणून. सगळेच विचारतील. काय सांगशील तू?"

ग्रीतने पाटी उचलून ओलीच पोटाशी धरली. लोरेपेक्षा कितीतरी जड होती.

"विचारू देत, बाबा," ती म्हणाली. "वर्ष होत आलं, तिचं नाव मला कुणी विचारलेलं नाही."