राखून ठेवलेलं कारण

"पुन्हा धावलीस," मास्तर म्हणाले.

बायको नुकतीच फिरून आली होती. वाकून बुटांचे बंद सोडत ती म्हणाली, "चालत गेले, चालत आले. वाटेत एक गोगलगाय मला मागे टाकून गेली."

"थट्टा पुरे. हात दे इकडे."

मास्तरांच्या उजव्या हाताची दोन बोटं दारात चेंगरून पट्टीत होती. डाव्या हातात शाळेच्या मैदानावरचं जुनं स्टॉपवॉच. त्यांनी तिचं मनगट जमेल तसं धरलं, अंगठा टेकवला आणि घड्याळ चालू केलं. ठोके भरभर पळत होते. मध्येच एखादा अडखळायचा, पुन्हा पळायचा.

डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, रोज चाला, पण धावायचं नाव काढू नका. हृदयाला आता तेवढा ताण सोसणार नाही. पण ती तरुणपणची धावपटू. कपाटात अजून तिचे चषक होते. सांगितलेलं ऐकेल तर ती कसली!

आणि लक्षणं काही बरी नव्हती. ती हल्ली लवकर परतायची. बुटांवर धूळ असायची. खालच्या मजल्यावरचा शिंपी तर परवा म्हणाला, "काकू भलत्याच चपळ झाल्यात हो." पूर्वी मास्तर तिच्याबरोबर जायचे. हल्ली जिना नको वाटायचा. गुडघे कुरकुरतात, असं ते सांगायचे. आता खिडकीतून कोपऱ्यापर्यंतच दिसे. कोपऱ्यापलीकडे ती काय करत होती, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी इमारतीतली मुलं शिकायला आली. मास्तरांनी त्यांना आधी बसवलं, मग अंगणात चालायला लावलं, मग पळायला.

"बसलात की हृदय रमतगमत काम करतं. चाललात की जरा पावलं उचलतं. धावलात की त्यालाही धावावं लागतं. मोजा आता. मनगटावर दोन बोटं. अंगठा नाही."

"अंगठा का नाही?"

"ते तुम्ही शोधून आणायचं."

प्रत्येक धड्यात एक कारण राखून ठेवायची त्यांची जुनी सवय. पायरीवर शेंगा सोलत बसलेली बायको गालात हसली.

संध्याकाळी ती फिरून आली. मास्तर खिडकीपाशीच होते. त्यांनी हात पुढे केला, तिनेही मनगट दिलं. ठोके कालच्यापेक्षा वाईट होते.

"झालं. उद्यापासून फिरणं बंद. ते बूट माळ्यावर टाक."

ती भांडली नाही. मास्तरांचा संशय आणखी बळावला. ती नुसती त्यांच्या कपाळाकडे बघत राहिली.

"घाम आलाय तुम्हाला. कुठे गेला होतात?"

"मी? मुलं गेल्यापासून या खुर्चीतून उठलो नाही. तुझ्यावर पहारा कोण ठेवणार?"

"जिनाही चढला नाहीत?"

"नाही म्हटलं ना. उलटतपासणी माझी चाललीय की तुझी?"

तिने मोकळ्या हाताने त्यांचं कपाळ टिपलं. मग म्हणाली, "अहो, पोरांना उत्तर सापडलं का? अंगठा का नाही ते?"

"विषय बदलू नकोस."

"मला सांगा तरी. मीही तुमचीच विद्यार्थिनी."

शिकवायला सांगितलं की मास्तरांचा राग निम्मा व्हायचा. "सोपं आहे अगं. अंगठ्यातून स्वतःचेच ठोके जाणवतात. दुसऱ्याचे मोजायला जावं आणि..."

ते थांबले. तिच्या मनगटावर टेकलेल्या आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

बायकोने हळूच मनगट सोडवून घेतलं. आपली दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"डॉक्टर, लगेच गाडी पाठवा. नाही, मला काही झालेलं नाही. हे धावलेले नाहीत. चाललेसुद्धा नाहीत."