माणूस असेल तरच

"खोलीत माणूस असेल तरच लागणार, नाहीतर आपोआप बंद! आता वीज वाया जाणं विसरा," स्टुलावरून उतरत आमच्या ह्यांनी जाहीर केलं. घरभर हालचाल ओळखणारे एलईडी दिवे बसवून झाले होते. एकट्याने पृथ्वी वाचवल्याचं समाधान चेहऱ्यावर मावत नव्हतं.

पंचाईत झाली ती सासूबाईंची. संध्याकाळी दिवा लागला की हात जोडायचे, ही त्यांची जन्माची सवय. त्या हॉलमध्ये आल्या, दिवा लागला, त्यांनी हात जोडले. जपाला बसल्या, दिवा गेला. पदर सारखा केला, दिवा लागला, पुन्हा नमस्कार. अर्ध्या तासात देवाला वर्षभर पुरतील एवढे नमस्कार पोचले.

"आई, जरा हलत राहा ना!" आतल्या खोलीतून, मोबाइलमधलं डोकं वर न काढता, ह्यांनी शास्त्रीय सल्ला दिला. "तू गप्प बसलीस की त्याला वाटतं, इथे कोणी नाहीच."

"हुशार आहे हो तुझा दिवा," अंधारातून सासूबाई म्हणाल्या. "एका दिवसात घरची रीत शिकला."