पेटीसमोरची खुर्ची

"बसा," मालक म्हणाला. म्हातारा कारागीर काचेच्या पेटीसमोर खुर्चीत बसला. आत फांदीवर सरडा हिरवागार होता. मालक खुर्चीमागे येऊन उभा राहिला. बघता बघता सरड्याच्या अंगावर गडद पट्टे उमटले आणि तो कोळशासारखा काळा झाला.

खडे घडवायच्या त्या कारखान्याच्या तिजोरीतला एक पाचू सकाळपासून सापडत नव्हता. मागे एका चोरट्या नोकराला हाकलताना सरडा काळा पडलेला मालकानं पाहिला होता. तेव्हापासून सरडा चोर ओळखतो, असं त्याच्या मनानं घेतलं. एरवी गिऱ्हाईक आलं की रंगांची गंमत दाखवायला तो त्याला पेन्सिलीनं डिवची. सरड्याची धाव कुंपणापर्यंत आणि मालकाची सरड्यापर्यंत, असं कारागीर पाठीमागे म्हणत. आज कुणी हसलं नाही.

"अरे, घासायला पहिला खडा तुझ्या हातात मी दिला," म्हातारा म्हणाला. मालकानं त्याला शेजारच्या खोलीत कोंडलं आणि पोलिसांना फोन लावला.

तेवढ्यात धाकटा भाऊ येऊन त्याच खुर्चीत बसला. "दादा, तिजोरीची किल्ली माझ्याकडेही असते. माझंही होऊन जाऊ दे."

काही झालं तरी पाठचा भाऊ. जवळ उभं राहून बघवेना, म्हणून मालक बाहेर गेला आणि दाराच्या काचेतून बघू लागला. काळेपणा हळूहळू उतरला. सरडा पुन्हा हिरवा झाला आणि फांदीवर सैल पसरला. मालकाचा जीव भांड्यात पडला. तो लगबगीनं आत आला आणि त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

सरडा काळा झाला.

भाऊ जागचा हलला नाही. "भ्याला की काळा पडतो तो, दादा. तू रोज डिवचतोस त्याला. काका इथे बसले होते, तेव्हा तू कुठे उभा होतास?"

मालक दारापर्यंत मागे सरकला. रंग उजळला. तो पुढे आला. रंग काळवंडला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर सगळे कारागीर हातातलं काम टाकून इकडेच बघत होते. त्यांच्यादेखत त्या खोलीचं दार उघडायचं, त्यांच्यादेखत माफी मागायची. नुसत्या विचारानंच त्याचे कान तापले.

खाली गाडी थांबली. जिन्यावर बूट वाजले. फौजदार आत आला.

"कुठे आहे तुमचा माणूस?"

भाऊ बोलायला गेला. खांद्यावर पुन्हा हात पडला, आणि आता तो दाबत होता. दुसऱ्या हातानं मालकानं पेटीवर फडकं ओढलं.

"शेजारच्या खोलीत," तो म्हणाला. "त्याच्या वयावर जाऊ नका."