शालिनीताईंचं वर्ष

आपल्या ग्राहक शालिनी धुरींच्या पत्राला विमा एजंट सामंतांनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. रक्ताच्या थेंबावरून मृत्यूचं वर्ष आता विमा एजंटाला कळे. चांगलं असो वा वाईट, ग्राहकाला सांगितलं की लायसन्स रद्द. शालिनीताईंनी एवढंच विचारलं होतं, "भाऊ, बहिणीची पोरकी मुलगी दत्तक घेऊ का? ती मोठी होईपर्यंत मी आहे ना?"

लायसन्सच्या नूतनीकरणाच्या अर्जावर 'गुप्तता पाळली' या ओळीपाशी सामंत अडले.

"करा की सही," बायको म्हणाली. "जन्मभर गप्पच तर बसलात."

"आता एकदा बोलतो," सामंत पुटपुटले.

त्यांनी उघड्या पोस्टकार्डावर लिहिलं, "मुलीला घरी आणा. तिच्या बाळांनाही तुम्हीच न्हाऊ घालाल." मग चपला घालून ते स्वतः जाऊन कार्ड पेटीत टाकून आले.